विश्लेषण : लघवीची नळी निघाली, पुढे काय? शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा ते आठ तास का महत्त्वाचे?

शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेले असतात. सकाळच्या राउंडला डॉक्टर येतात, जखम बघतात आणि जाता जाता सिस्टरना सांगतात, ‘आज कॅथेटर काढा, लघवी झाली की डिस्चार्ज.’ रुग्णाच्या डोक्यात त्या वेळी एकच प्रश्न असतो, काढताना किती दुखेल? नातेवाईक बिल आणि मेडिक्लेमच्या धावपळीत असतात. ‘लघवी झाली की’ या तीन शब्दांकडे कुणाचेच फारसे लक्ष जात नाही.

प्रत्यक्षात नळी काढण्याचे काम अर्ध्या मिनिटाचे. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते आणि ती मूत्राशयाची असते. लघवी झाली म्हणजे किती झाली, आत किती उरली, घरी गेल्यावर मध्यरात्री अडली तर कुठे जायचे, हे विचारायला अनेकांना संकोच वाटतो. विशेषतः घरातली सून किंवा मुलगा शेजारी उभा असेल तर. नळी निघाल्यानंतर नेमके काय होते, काय स्वाभाविक आहे आणि कधी लगेच रुग्णालय गाठायचे, हे जाणून घेऊ.

मुळात नळी घालतात कशासाठी?

मूत्राशय म्हणजे पोटाच्या तळाशी असलेली स्नायूंची पिशवी. प्रौढ माणसाच्या पिशवीत आरामात ४०० ते ५०० मिली लघवी मावते. भरत आली की मज्जातंतू मेंदूला निरोप देतात, मेंदू ‘आता जा’ म्हणतो, पिशवी आकसते आणि तोंडाचा स्नायू सैल होतो. पाठीत इंजेक्शन देऊन, म्हणजे स्पायनल भूल देऊन शस्त्रक्रिया केली की पायांबरोबर हे मज्जातंतूही काही तास बधिर होतात. मूत्रपिंडे मात्र काम थांबवत नाहीत. वरून सलाइन चालू असते. म्हणजे टाकी भरत राहते आणि भरल्याचा निरोपच पोहोचत नाही.

इतरही कारणे असतात. सिझेरियन किंवा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेत मूत्राशय अगदी शेजारी असते. ते रिकामे ठेवले तर त्याला इजा होण्याचा धोका कमी होतो. मोठ्या शस्त्रक्रियेत दर तासाला किती लघवी होते यावरून रक्ताभिसरण नीट आहे का, याचा अंदाज डॉक्टर घेतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर आतले रक्त बाहेर पडायला आणि गुठळ्या साचू नयेत म्हणून नळी लागतेच.

नळी आत टिकते कशी?

रुग्णालयात सिस्टर जिला नुसते ‘फोलीज’ म्हणतात, ती नळी अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते. १९३० च्या दशकात ती रूढ झाली आणि तिची मूळ कल्पना आजही तीच आहे. नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोहोचली की बाहेरच्या व्हॉल्व्हमधून साधारण १० मिली निर्जंतुक पाणी आत सोडतात. फुगा फुगतो, मूत्राशयाच्या तोंडाशी बसतो आणि नळी निसटत नाही. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर हाच फुगा ३० ते ५० मिलीपर्यंत फुगवतात.

नळीवर १४, १६ किंवा २२ असे आकडे असतात. ते ‘फ्रेंच’ मापातले आहेत. आकड्याला तीनने भागले की बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. १६ नंबरची नळी म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर, साध्या शिसपेन्सिलीपेक्षा बारीक. प्रोस्टेटच्या रुग्णाला २२ नंबरची, तीन तोंडांची नळी असेल तर ती साहजिकच जास्त जाणवते.

ही रचना समजली की एक गोष्ट आपोआप कळते. फुग्यातले पाणी काढल्याशिवाय नळी ओढणे म्हणजे बोराएवढा, कधी लिंबाएवढा गोळा लघवीच्या अरुंद मार्गातून खेचणे. भूल उतरताना किंवा वयोमानाने गोंधळलेले रुग्ण रात्री असे करतात आणि मोठा रक्तस्राव होतो. वयस्कर रुग्ण असेल तर रात्री कुणीतरी शेजारी जागे असावे, त्याचे हे एक कारण. नळी घेऊन घरी सोडलेल्या रुग्णाची नळी ‘व्हॉल्व्ह कापला की पाणी निघते’ अशा सल्ल्यावर घरीच काढण्याचा प्रयोगही करू नये. पाणी सुटले नाही तर पुढचे काम फार अवघड होते.

लवकर काढण्याची घाई का?

‘राहू दे की अजून दोन दिवस, उठबस तरी वाचते,’ असे नातेवाईकच नव्हे, कधी कधी रुग्णही म्हणतो. ही सोय महागात पडू शकते. नळी हा बाहेरून मूत्राशयापर्यंत जाणारा उघडा रस्ता असतो. जिवाणू नळीच्या आतून आणि बाहेरून सरकत आत पोहोचतात आणि नळीच्या पृष्ठभागावर चिकट थर तयार करतात. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत जिवाणू सापडण्याची शक्यता दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते आणि महिनाभर नळी राहिली तर जवळपास प्रत्येकाच्या लघवीत ते सापडतात. जिवाणू सापडले म्हणजे आजार झालाच असे नाही, पण ताप आणि थंडी वाजून येणाऱ्या संसर्गाची सुरुवात इथूनच होते.

म्हणून अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे, की शस्त्रक्रियेसाठी घातलेली नळी शक्य तितक्या लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत काढावी. ठेवण्याचे ठोस कारण असेल तरच ठेवावी. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचा आढावा घेणाऱ्या संस्थेने २०२१ मध्ये या विषयावरील सुमारे शंभर चाचण्या एकत्र तपासल्या. नळी कमी काळ ठेवली तर त्रासदायक संसर्ग कमी होतो, असे त्यातून दिसले. मात्र लवकर काढलेल्या काही रुग्णांना ती पुन्हा घालावी लागण्याची शक्यता थोडी वाढते. हा सौदा आहे आणि बहुतेक रुग्णांसाठी तो फायद्याचाच ठरतो. दररोज सकाळी ‘ही नळी आज कशासाठी हवी आहे?’ असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

कोणत्या शस्त्रक्रियेनंतर किती दिवस?

इथे शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी तुलना करू नये. सिझेरियननंतर किंवा गुडघा बदलल्यानंतर नळी बहुधा एका दिवसात निघते. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडण्याच्या शस्त्रक्रियेत, म्हणजे टीयूआरपीमध्ये, लघवीचा रंग किती निवळतो त्यावर एक ते तीन दिवस. कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढली असेल तर मूत्राशय आणि मूत्रमार्ग नव्याने शिवलेले असतात, त्यामुळे साधारण एक ते दोन आठवडे. मूत्रमार्गाची पुनर्रचना किंवा मूत्राशयाला पडलेले छिद्र शिवले असेल तर दोन-तीन आठवडेही लागतात. या शेवटच्या दोन प्रकारांत नळी हा टाक्यांना दिलेला आधार असतो. तिथे ‘लवकर काढा’ हा आग्रह चुकीचा.

काढण्याआधी नळीला चिमटा लावावा का?

आपल्याकडे अनेक वॉर्डांत नळी काढण्यापूर्वी काही तास तिला चिमटा लावतात. ‘भरल्यासारखे वाटले की सांगा, मग सोडू,’ असे सिस्टर सांगतात. मूत्राशयाला सवय लागावी हा हेतू. परंतु थोड्या दिवसांच्या नळीसाठी याचा फारसा उपयोग दिसत नाही. चिमटा लावला काय आणि न लावता थेट काढली काय, नळी पुन्हा घालावी लागण्याच्या प्रमाणात विशेष फरक पडत नाही, असे वर उल्लेखलेल्या आढाव्यात आढळले. त्यामुळे चिमटा न लावता नळी काढली म्हणून ‘घाई केली’ असे समजण्याचे कारण नाही. लावलाच असेल तर तो सोडायला कुणी विसरत नाही ना, एवढे मात्र नातेवाइकाने घड्याळाकडे बघून पाहावे.

काढताना नेमके काय होते?

रुग्णाला पाठीवर झोपवतात, गुडघे थोडे दुमडून बाजूला करायला सांगतात. जागा स्वच्छ करतात. व्हॉल्व्हला सुई नसलेली सिरिंज लावतात, फुग्यातले पाणी हळूहळू सिरिंजमध्ये येते. जेवढे घातले होते तेवढे परत आले का, हे बघितले जाते. मग ‘मोठा श्वास घ्या आणि हळू सोडा’ असे सांगून श्वास सुटत असताना नळी अलगद बाहेर काढतात. श्वास सोडताना त्या भागाचे स्नायू सैल पडतात, म्हणून ही सूचना. अंग आखडून, दात आवळून पडले की उलट जास्त जाणवते.

दुखते का? बहुतेकांना दुखण्यापेक्षा विचित्र वाटते. ओढल्यासारखे, क्षणभर चरचरल्यासारखे, लघवी सुटेल की काय असे. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, त्यामुळे त्यांना ते झाल्याचे कळतेही कळत नाही. पुरुषांचा मार्ग १८ ते २० सेंटिमीटरचा आणि वळणाचा. नळी प्रोस्टेटजवळून जाताना एक कळ येऊ शकते. नळीबरोबर थोडी लघवी किंवा रक्ताचा थेंब आला तरी घाबरण्याचे कारण नाही. यासाठी भूल लागत नाही, उपाशी राहावे लागत नाही. क्वचित फुग्यातले पाणी परत येत नाही. तेव्हा जोर न लावता मूत्ररोगतज्ज्ञांना बोलावतात. त्यांच्याकडे फुगा रिकामा करण्याचे मार्ग असतात.

पहिली लघवी कशी असते?

नळी निघाल्यावर काही मिनिटांतच ‘लागली’ अशी भावना होते. बाथरूममध्ये गेले तर चार थेंब. हे खरे तर मूत्रमार्गाच्या आतल्या नाजूक अस्तराला आलेल्या सुजेमुळे असते. पहिल्या काही वेळा जळजळ होते. आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात तशीच. वारंवार जावेसे वाटते, आले की थांबवता येत नाही, धार आधीसारखी जोरदार नसते, रंग किंचित गुलाबी असू शकतो. एक-दोन दिवसांत हे कमी होत जाते. प्रोस्टेटच्या रुग्णांना ते काही आठवडेही पुरते, कारण तिथे आत जखमच असते.

पहिली लघवी कधी व्हावी? साधारण चार ते सहा तासांत आणि फार तर आठ तासांत. त्याआधीच पोटाच्या तळाशी फुगवटा आणि कळा येत असतील तर आठ तास पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

ती यावी म्हणून काय करता येते? सर्वांत मोठा अडथळा बहुधा शरीरात नसून भोवताली असतो. सहा खाटांचा वॉर्ड, पातळ पडदा, बाहेर मावशींचा आवाज आणि खाटेवर झोपून भांड्यात लघवी करण्याची सक्ती. डॉक्टरांची परवानगी असेल तर उठून, धरून का होईना, बाथरूमपर्यंत जावे. पुरुषांनी उभे राहून किंवा कमोडवर बसून, जसे सवयीचे असेल तसे. स्त्रियांनी कमोडवर अधांतरी न राहता नीट टेकून बसावे, पाय जमिनीला लागू द्यावेत. नळ सोडून ठेवणे, पोटाच्या तळाशी कोमट पाण्याचा शेक घेणे (जखम तिथेच नसेल तर) हे उपाय साधे असले तरी अनेकांना मदत करतात. कुंथू मात्र नये. जोर लावल्याने टाक्यांवर ताण येतो.

थेंब थेंब येते, म्हणजे सुटली का?

या सगळ्या विषयातली सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. ‘झाली का लघवी?’ या प्रश्नाला रुग्ण प्रामाणिकपणे ‘हो, बऱ्याचदा झाली’ म्हणतो. पण किती वेळा यापेक्षा किती झाली, हे महत्त्वाचे.

एक साधा हिशेब करून पाहू. सकाळी आठला नळी काढली. सलाइन चालू होते, वर लिटरभर पाणीही पाजले. अशा वेळी तासाला १२५ मिलीच्या आसपास लघवी तयार होत आहे असे धरले, तर चार तासांत झाली ५०० मिली. रुग्ण दर अर्ध्या तासाने उठून २५ मिली करून येतो. आठ वेळा मिळून २०० मिली. म्हणजे दुपारी बाराला आत ३०० मिली शिल्लक आहे आणि ती वाढतच चालली आहे. संध्याकाळपर्यंत पिशवी ताणून भरते आणि भरलेल्या माठाच्या काठावरून पाणी ओघळावे तशी लघवी आपोआप ठिबकू लागते. घरच्यांना वाटते, कंट्रोल गेला, डायपर आणा. प्रत्यक्षात लघवी तुंबलेली असते. मूत्राशय बराच वेळ असे प्रमाणाबाहेर ताणलेले राहिले तर त्याचे स्नायू थकतात आणि पुढे अनेक दिवस नीट आकसत नाहीत. जे एका दिवसात सुटले असते त्याला मग आठवडे लागतात.

म्हणून मोजणे आवश्यक. रुग्णालयात मापाचे भांडे मिळते. घरी मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग चालतो (तो परत स्वयंपाकघरात जाणार नाही, या बोलीवर). मोबाइलच्या नोट्समध्ये वेळ आणि आकडा एवढेच टिपायचे. तीन-चार तासांनी एका वेळी २०० मिली किंवा जास्त आणि नंतर मोकळे वाटणे, हे चांगले लक्षण. दर पंधरा-वीस मिनिटांनी ३०-४० मिली आणि तरी जड वाटणे, हे नाही.

शंका असेल तर रुग्णालयात ब्लॅडर स्कॅनर किंवा साध्या सोनोग्राफीने लघवीनंतर आत किती उरली ते दोन मिनिटांत बघता येते. १०० मिलीच्या आत उरली तर सहसा काळजी नसते. ३०० मिलीच्या वर गेली की डॉक्टर पुढचा विचार करतात. मधल्या आकड्यांचा अर्थ रुग्णाचे वय, आधीचा त्रास आणि शस्त्रक्रिया यांवर ठरतो.

काही ठिकाणी, विशेषतः स्त्रीरोगाच्या शस्त्रक्रियांनंतर, याहून नेटकी पद्धत वापरतात. नळी काढण्यापूर्वी तिच्यातूनच सुमारे ३०० मिली सलाइन मूत्राशयात सोडतात, मग नळी काढून लगेच लघवी करायला सांगतात. घातलेल्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे २०० मिली बाहेर आली की परीक्षा पास. किती आत होते ते माहीत असल्याने अंदाजाला जागा राहत नाही आणि सहा तास ताटकळावेही लागत नाही.

कुणाची लघवी अडण्याची शक्यता जास्त?

प्रोस्टेट वाढलेले पुरुष यात सर्वांत पुढे. हर्नियाच्या किंवा मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या साठीच्या गृहस्थांची लघवी अडते ती बहुधा यामुळे. आधीपासून रात्री तीन-चारदा उठावे लागत होते, धार बारीक होती, पण ‘वयाप्रमाणे होते’ म्हणून कुणाला सांगितलेले नसते. शस्त्रक्रियेपूर्वीच हे सांगितले तर तयारी करता येते.

दुसरा मोठा गट मधुमेहींचा. आयसीएमआर-इंडिॲब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. बराच काळ साखर वाढलेली राहिली की मूत्राशयाचे मज्जातंतूही मंदावतात. अशा रुग्णाच्या पोटात ७०० मिली साठली तरी ‘काही विशेष वाटत नाही’ असे तो म्हणू शकतो. त्यांनी लागण्याची वाट न पाहता घड्याळ लावून दर तीन तासांनी जावे.

औषधांचाही हात असतो. मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारखी तीव्र वेदनाशामके लघवी आणि शौच दोन्ही रोखतात. पोट साफ नसेल तर भरलेले मोठे आतडे मूत्राशयावर दाब देते. म्हणून पातळ औषध देऊन शौचाला होणे हा लघवीचाही उपचार आहे. आणि एक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सर्दीची गोळी. नाक मोकळे करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी लघवी अडू शकते. मेडिकलमधून आपल्या मनाने ती घेऊ नये.

पाणी किती प्यावे?

जळजळ होते म्हणून अनेक जण पाणीच तोडतात. मग लघवी गडद होते आणि आग वाढते. उलट काही जण लवकर सुटका व्हावी म्हणून तासात दोन लिटर पाणी पितात आणि सुजलेल्या मार्गामागे पिशवी भरून ठेवतात. तासाला एक पेला, थोडे थोडे, हे बरे. दिवसभरात दीड ते दोन लिटर पुरते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांनी दिलेलीच मर्यादा पाळावी.

धने-जिऱ्याचे पाणी, बार्ली, सब्जा हे घरोघरी देतात. त्यातून पाणी पोटात जाते हा त्यांचा फायदा नक्की. नारळपाण्यात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते विचारूनच घ्यावे. जळजळीवर मिळणाऱ्या गोड-खारट सिरपमध्ये सोडियम असते, रक्तदाबाच्या रुग्णांनी तेही विचारून घ्यावे. लघवी केशरी करणारी जळजळीची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर रंग बघून घाबरू नये. चहा-कॉफी दोन दिवस कमी केलेली बरी, कारण त्याने वारंवार लागते. नळी काढताना प्रत्येकालाच अँटिबायोटिक लागते असे नाही. ते डॉक्टर ठरवतात.

लघवी झालीच नाही तर?

तर नळी पुन्हा घालावी लागते. हे ऐकून रुग्ण खचतो, शस्त्रक्रिया फसली असे घरच्यांना वाटते. बहुतेकदा तसे नसते. भूल, सूज आणि औषधे यांनी मूत्राशयाला आणखी थोडी विश्रांती हवी आहे, एवढाच त्याचा अर्थ. काही दिवस ते आठवडाभर नळी ठेवून पुन्हा प्रयत्न करतात आणि पुष्कळांची दुसऱ्या खेपेला सुटका होते.

या काळात पुरुषांना अनेकदा टॅमसुलोसिन हे औषध देतात. मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू ते सैल करते. त्याने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून खाटेच्या कडेवर मिनिटभर बसून मग उभे राहावे. हे औषध घेणाऱ्यांनी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ते नक्की सांगावे. त्याने बुबुळाचा पडदा सैल राहतो आणि त्यांना वेगळी तयारी करावी लागते.

दोन-तीनदा प्रयत्न करूनही जमले नाही तर आणखी एक मार्ग आहे. दिवसातून चार-पाच वेळा रुग्णाने स्वतःच बारीक, फुगा नसलेली नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर काढायची. अमेरिकेतील डॉ. जॅक लॅपिडीज यांनी १९७२ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा निर्जंतुक हातमोज्यांशिवाय हे कसे चालेल, अशी शंका घेतली गेली. मूत्राशय वेळेवर रिकामे होणे हाच संसर्ग टाळण्याचा मुख्य उपाय आहे, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो टिकला. ऐकायला भयंकर वाटते, पण शिकवल्यावर सत्तरीतल्या आजीही ते स्वतः करतात.

गळती होते आहे, हे कायमचे का?

कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढलेल्या बहुतेक पुरुषांना नळी निघाल्यावर काही आठवडे ते काही महिने गळती होते. खोकताना, उठताना, संध्याकाळी थकल्यावर जास्त. हे आधी सांगितलेले नसेल तर पहिल्याच दिवशी माणूस हादरतो. नळी काढायला जातानाच पॅड आणि जादा कपडे बरोबर न्यावेत. लघवी अडवताना जे स्नायू आवळतात तेच आवळून-सोडून करण्याचा व्यायाम नळी निघाल्यावर सुरू करतात, नळी आत असताना नाही. टीयूआरपीनंतरची गळती सहसा कमी आणि थोड्या दिवसांची असते.

नळी कधी आणि कुठे काढावी?

गावाकडून पुण्या-मुंबईत किंवा नाशिकला शस्त्रक्रियेला आलेल्यांसाठी हा प्रश्न मोलाचा. नळी काढायची आणि त्याच दुपारी एसटीने चार-पाच तासांच्या प्रवासाला निघायचे, हे टाळावे. लघवी अडली तर वाटेत काही करता येत नाही. ओपीडीत काढायची असेल तर सकाळी लवकर, शनिवार सोडून आणि किमान दोन वेळा व्यवस्थित लघवी होईपर्यंत त्याच गावात थांबायच्या तयारीने जावे. नातेवाईक शहरात असतील तर एक रात्र तिथेच काढणे उत्तम. परतीच्या तिकिटाची वेळ आधी ठरवून मग नळीची वेळ ठरवणारी कुटुंबे कमी नाहीत.

कधी थांबू नये?

आठ तासांत लघवी नाही, किंवा त्याआधीच पोटाच्या तळाशी असह्य कळ. थंडी वाजून ताप. टोमॅटो केचपसारखी लाल, गुठळ्यांची लघवी. पाठीत बरगड्यांखाली दुखणे. वयस्कर रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागणे. म्हातारपणी लघवीचा संसर्ग किंवा तुंबणे कधी कधी ताप न येता असेही दिसते. यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये.

टीयूआरपीनंतर दहा ते चौदा दिवसांनी लघवी पुन्हा लाल होऊ शकते. आतली खपली निघते म्हणून. भरपूर पाणी पिऊन एक-दोन दिवसांत निवळली तर ठीक, गुठळ्या येऊ लागल्या किंवा अडली तर रुग्णालय. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी सुरू करायच्या, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतलेले असावे.

रात्रीच्या वेळी जवळच्या दुसऱ्याच दवाखान्यात जावे लागले, तर तेच कार्ड आधी दाखवावे. संपूर्ण प्रोस्टेट काढली असेल किंवा मूत्रमार्ग शिवलेला असेल तर ‘इथे नळी घालण्यापूर्वी आमच्या सर्जनना फोन करा’ असे स्पष्ट सांगावे, कारण ताज्या टाक्यांतून अंदाजाने नळी सारणे धोक्याचे असते. कार्डावर त्यासाठी रात्री लागणारा फोन क्रमांक असायला हवा. बहुतेक कार्डांवर ओपीडीची वेळ छापलेली असते. रात्रीचा क्रमांक मागून घ्यावा लागतो.

सर्व सुरळीत झाले तरी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी धार पुन्हा बारीक होऊ लागली, दुभंगू लागली, तर ते मूत्रमार्ग आकसल्याचे चिन्ह असू शकते. नळीच्या घर्षणाने आत व्रण राहतो आणि तो भरताना मार्ग अरुंद होतो. यासाठी युरोफ्लोमेट्री ही तपासणी करतात. यंत्राला जोडलेल्या नरसाळ्यात लघवी करायची, यंत्र धारेचा वेग मोजून आलेख काढते. सुई नाही, नळी नाही. जाताना मात्र पाणी पिऊन, नीट लागलेली असतानाच जावे. घरून करून गेलेल्याला तिथे तासभर बसून राहावे लागते.